प्रसंग: लग्नाचा वाढदिवस

द्राक्षाचा रस पिंपात भरून माणूस ज्या दिवशी पहिल्यांदा स्वस्थ बसला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. तोवर तो नुसता पळत होता. कधी सावजाच्या मागे, कधी सावजाच्या पुढे. वाइनने त्याला वाट बघायला शिकवलं, आणि ज्याला वाट बघता येते त्यालाच प्रेम करता येतं.

ग्लेन हॅवर्टीने हे नापा खोऱ्याच्या माहितीपत्रकात वाचलं, स्टॉकटनमधल्या आपल्या घरी, संडासात बसून. बाहेर त्याची बायको मार्ला दार वाजवत होती. म्हणजे त्या क्षणी वाट बघण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि प्रेमाची लक्षणं काही दिसत नव्हती.

माहितीपत्रक हातात येण्याला कारण घडलं होतं. ऑगस्टातल्या एका मंगळवारी, भांडी मशीनमध्ये लावता लावता, मार्ला म्हणाली होती, "ग्लेन, मला वाटतं मी आता वेगळं राहावं."

ग्लेनने विचारलं, "कधीपर्यंत?"

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने विचारलेल्या चुकीच्या प्रश्नांमध्ये हा पहिल्या पाचांत सहज बसला असता.

तो वाईट माणूस नव्हता. जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होता आणि सिग्नलच्या वेळा बसवायचा. शहरात शिरताना एक दिवा हिरवा मिळाला की पुढचे सहा हिरवेच मिळतात, ही त्याची करामत होती, आणि रोज चाळीस हजार माणसं त्याचं नावही न घेता तिचा फायदा घ्यायची. मार्ला गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवायची. लोकांना चालतं ठेवणं हा दोघांचाही धंदा. मार्च महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी ग्लेन रीनोमध्ये चौकातल्या वाहतूक-वर्तुळांवरच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेला होता. येताना मार्लासाठी एक कप घेऊन आला. कपावर चौकातल्या वर्तुळाचं चित्र होतं.

तर त्या मंगळवारी भांड्यांचं मशीन सुरू झाल्यावर तो घाईघाईने म्हणाला, "आपण सहलीला जाऊ या. नापाला. दोन दिवस. काही करायचं नाही, नुसता आराम."

मार्लाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हाताऱ्यांचा गुडघा किती अंशात वाकतो ते बघताना ती असंच बघत असावी.

"जाऊन येऊ," ती म्हणाली. "आल्यावर बोलू."

यावरून ग्लेनने असा अर्थ काढला की परीक्षा दोन दिवसांची आहे आणि निकाल रविवारी लागणार. विषय एकच: आराम. मार्लाला दोन दिवसांत इतका आराम द्यायचा, की घर सोडून जाण्याचे कष्ट तिला नकोसे व्हावेत.

तो कामाला लागला. ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार धरला. दर पंधरा मिनिटांचं वेळापत्रक केलं. त्यात 'अकरा पंधरा ते अकरा चाळीस: निवांतपणा' अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली, पाऊस आलाच तर, 'निवांतपणा (आत)' अशी दुसरी.

खोऱ्यातली हॉटेलं, द्राक्षमळे, खानावळी, सगळ्यांचं बुकिंग एकाच संकेतस्थळावर होतं. एकदा फॉर्म भरला की माहिती सगळीकडे आपोआप जाते. फॉर्म सोपा होता. नाव, माणसं किती, शेंगदाण्याने त्रास होतो का. मग लाल चांदणी असलेला रकाना: 'प्रसंग कोणता?' चांदणी म्हणजे रिकामा सोडता येणार नाही. खाली पर्याय: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वाङ्‌निश्चय, मधुचंद्र, इतर. 'इतर'समोर खुलाशाची चौकट होती. ग्लेनने तिच्यात 'बायको जाऊ नये म्हणून' एवढं लिहिलं. वाचलं. खोडलं. मग उरलेल्यांतला त्यातल्या त्यात जवळचा म्हणून 'लग्नाचा वाढदिवस' निवडला. ताबडतोब दुसरा रकाना उघडला: 'कितवा?' त्याने पंचविसावा लिहिलं. हे खोटं नव्हतं. सहा महिने शिळं होतं, इतकंच.

शुक्रवारी संध्याकाळी ते पोचले तेव्हा खोऱ्यात अजून उकडत होतं आणि हवेला आंबलेल्या द्राक्षांचा वास होता. उतरायचं ठिकाण म्हणजे एक पिवळं लाकडी घर, पाच खोल्यांचं. मालकीणबाईंचं नाव डॉरीन. सत्तरीच्या, उंच, केसांना किंचित जांभळी छटा.

"आले गं बाई माझे नवरा-नवरी!" त्या पायरीवरूनच ओरडल्या. "पंचवीस वर्षं! अहो, हल्ली पंचवीस आठवडे टिकत नाहीत लोक."

खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांनी २ आणि ५ काढलेले होते. उशीवर दोघांची नावं लिहिलेलं कार्ड.

डॉरीनबाई गेल्यावर मार्ला म्हणाली, "ग्लेन, आपला वाढदिवस मार्चमध्ये असतो."

"हो. माहितीये. ते त्यांच्या फॉर्ममध्ये—"

"मार्चमध्ये तू वर्तुळं शिकत होतास."

"चांदणी होती गं. लाल. रिकामं सोडताच येत नव्हतं."

तो पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. गेली चार-पाच वर्षं अशा ठिकाणी एक ठरलेलं वाक्य यायचं, आणि त्याच्यामागून दुसरं. पण मार्ला हसली. खरंखुरं, पोटातून. मग तिने २ एका हाताने आणि ५ दुसऱ्या हाताने लोटून खाली पाडले, आडवी झाली आणि साडेआठला झोपली. सकाळी साडेसहापर्यंत तिने कूस बदलली नाही. ग्लेनने बदलली, त्याच्या अंदाजाने साठ वेळा. पण दर वेळी तिच्याकडे बघून त्याला वाटायचं, पहिला दिवा हिरवा मिळाला.

शनिवारी सकाळी दहाला पहिला मळा. तिथली पद्धत अशी की सहा वाइन थोड्या थोड्या ओततात, तुम्ही हुंगायची, तोंडात घोळवायची, आणि गाडी चालवायची असेल तर मधे ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकायची. गाडी ग्लेन चालवणार होता. थुंकण्याचाही एक डौल असतो. बारीक, सरळ धार. ग्लेनची धार तीन दिशांना गेली, पैकी एक त्याच्या शर्टावर आणि एक टोबिनच्या बाहीवर. टोबिन म्हणजे ओतणारा. दाढी, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी एप्रन, आवाज भागवत सांगणाऱ्याचा.

"काही हरकत नाही, साहेब," टोबिन म्हणाला. "आजचा दिवसच तुमचा आहे." आणि समोरचा कागद वाचून त्याने भिंतीवरची दोरी ओढली.

वर मोठी घंटा होती. सुगी संपल्याची घंटा, एरवी वर्षातून एकदा वाजवायची; पण हल्ली लग्नाच्या वाढदिवसालाही वाजवत. ओसरीवरच्या तीसेक माणसांनी प्याले उचलले.

"मित्रहो! पंचवीस वर्षं! आता नवरदेव दोन शब्द बोलतील."

ग्लेन उठला. शर्टावर जखम झाल्यासारखा लाल डाग. काय बोलायचं ते त्याला खरोखर माहीत होतं, महिनाभर त्याने तेच घोकलं होतं. पण ते मार्लाशी बोलायचं होतं, एकटीशी, आणि इथे तीस माणसं प्याले धरून उभी होती.

"संसार म्हणजे," तो म्हणाला, "एक प्रकारे सिग्नलची साखळी आहे. म्हणजे अंतर ठरलेलं असतं. वेग ठरलेला ठेवला तर… पिवळा दिवा जो असतो, तो साडेतीन ते चार सेकंद. त्यापेक्षा कमी ठेवला तर अपघात होतात. जास्त ठेवला तर लोक गृहीत धरतात."

कुणीतरी प्याला खाली ठेवला.

"वा," टोबिन म्हणाला.

शेजारच्या टेबलावर व्हायसेलियाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या आजीबाई मार्लाकडे वाकून म्हणाल्या, "आम्हाला एक्कावन्न झाली हो. तुमचं रहस्य काय?"

"हा घरी नसतो," मार्ला म्हणाली.

सगळी ओसरी हसली. आजोबा तर खोकेपर्यंत हसले. सगळ्यांत मोठ्याने मार्ला हसली, आणि चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसली. ग्लेनने घड्याळ पाहिलं. अकरा पंधरा. निवांतपणा वेळेवर सुरू झाला होता.

पण पुढे काय काय वाढून ठेवलंय ते त्याला दिसत होतं. दुपारचं जेवण, मग चिखलस्नान, मग रात्रीचं जेवण. सगळीकडे तो कागद पोचलेला. सगळीकडे तिला मार्चची आठवण होणार. तो "आलोच" म्हणाला आणि पिंपांच्या उतरंडीमागे जाऊन बुकिंगवाल्यांना फोन लावला. ब्रिन नावाची मुलगी होती. आवाज इतका प्रसन्न, की तिला आयुष्यात कधी वाईट बातमी मिळालीच नसावी.

"तो प्रसंग काढून टाकायचाय," ग्लेन दबक्या आवाजात म्हणाला.

"प्रसंग काढता येत नाही, सर. बदलता येतो."

"मग 'काही नाही' करा."

"'काही नाही' असा प्रसंग नाहीये, सर."

"अहो, पण खरंच काही नाहीये!"

"काही नसताना लोक नापाला येत नाहीत, सर," ब्रिन समजुतीने म्हणाली. "'इतर' करू का? खुलासा लागेल पण."

पिंपांच्या फटीतून त्याला मार्ला दिसत होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. असा चेहरा त्याने केव्हा पाहिला होता ते त्याला आठवेना, आणि हा चेहरा सोमवारपासून दुसरीकडे कुठेतरी असेल या विचाराने त्याने फोन कानाला घट्ट दाबला.

"लिहा," तो म्हणाला, "की बायको सोडून जाणार आहे. तिने जाऊ नये म्हणून."

बटणं वाजू लागली. "बायको… सोडून… जाणार… सर, 'जाऊ नये'मध्ये… थांबा हं. सर, हे सगळ्यांना जाईल बरं का. हॉटेल, जेवण, चिखल. जेवणवाले आल्या आल्या टेबलापाशी मोठ्याने वाचतात."

"नको! खोडा! खोडा आधी!"

"खोडलं. साधा वाढदिवस करू का, सर? वाढदिवस सगळ्यांना आवडतो."

"करा. काय वाट्टेल ते करा."

"तुमचा की बाईंचा?"

"तिचा."

"कितवा?"

शहरातल्या एकशे अठ्ठ्याण्णव सिग्नलांच्या वेळा ग्लेनला तोंडपाठ होत्या. "त्रेपन्न," तो म्हणाला. "बहुतेक."

दुपारी दीड वाजता, पडवीतल्या टेबलावर, बदकाचं मांस संपता संपता, पाच वाढपी रांगेने आले. पहिल्याच्या हातात केक, दुसऱ्याच्या हातात खंजिरी. त्यांनी गाणं म्हटलं, आणि आजूबाजूच्या टेबलांनीही साथ दिली, कारण ते गाणं सगळ्यांना येतं आणि टाळायची काही सोय नसते. केकवर ५३ असा आकडा जळत होता.

मार्ला आकड्याकडे बघत राहिली.

"बावन्न," ती म्हणाली. "आणि तेही फेब्रुवारीत झाले."

"मार्ला, मी त्या लोकांना फोन करून—"

"सकाळी लग्नाला पंचवीस, दुपारी मला त्रेपन्न. या वेगाने संध्याकाळपर्यंत मी मरेन रे, ग्लेन."

खंजिरीवाला जरा मागे सरकला. पण मार्ला पुन्हा हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ग्लेनही हसला, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते वेगळ्या पिंपातलं.

"मनात इच्छा धरा, बाई! फुंकण्याआधी!" केकवाला म्हणाला.

"ती धरून झाली," मार्ला म्हणाली आणि एका फुंकरीत दोन्ही आकडे विझवले. मग तिने केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले. ग्लेनचाही अर्धा खाल्ला. आठवडाभर दही आणि कोबीवर राहणारी बाई. दुसरा दिवा हिरवा, तिसराही हिरवा. ग्लेनच्या मनात कुठेतरी भीती होती, की इतके हिरवे लागोपाठ मिळत नसतात, कुणीतरी मुद्दाम बसवल्याशिवाय. पण बुडत्या माणसाने काडीची जात विचारू नये.

चार वाजता चिखल.

चिखलस्नानाच्या ठिकाणी पांढऱ्या फरशीची खोली होती आणि तीत शेजारी शेजारी दोन काँक्रीटची टाकी. टाक्यांत ज्वालामुखीची राख आणि उकळत्या झऱ्याचं पाणी कालवून केलेला काळा, गरम, गंधकाचा वास मारणारा लगदा. तिथला सेवक रॅमिरो. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा, वीस वर्षं लोकांना चिखलात पुरण्याचं काम करत आलेला. त्याने आधी मार्लाला पुरलं, मग ग्लेनला. गळ्यापर्यंत. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या, कपाळावर गार फडकं.

"बारा मिनिटं," रॅमिरो म्हणाला. "अंग सैल सोडा, साहेब."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं. टाच वर येतेय तुमची. बाई कशा पडल्यात, जणू इथेच जन्मल्या." त्याने ग्लेनची टाच आत दाबली. ती पुन्हा वर आली.

अंधारात, काकडीखाली, ग्लेनच्या लक्षात आलं की हीच वेळ आहे. घंटा नाही, खंजिरी नाही. तिला उठून जाता येणार नाही, त्याला पळता येणार नाही. वेळापत्रकात या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मार्ला," तो म्हणाला. गळ्यावर चिखलाचं ओझं होतं, त्यामुळे आवाज आतून कुठून तरी आला. "मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन आणि मग कधीच सांगणार नाही. रीनो. तुला वाटतं मी मार्च विसरलो. मी विसरलो नव्हतो. मला जानेवारीपासून माहीत होतं. शिबिर ऐच्छिक होतं. मी मुद्दाम नाव दिलं."

गंधकाचा एक बुडबुडा कुठेतरी फुटला.

"पंचवीस वर्षं झाली की माणसाने काहीतरी बोलायचं असतं. जेवायला जायचं असतं, आणि मग तू समोर बसून माझ्याकडे बघणार, आणि मी काय बोलणार? माझ्याकडे काही नव्हतं, मार्ला. म्हणजे आत होतं, पण वर येत नव्हतं. मला भीती वाटली की तुला कळेल. की या माणसाच्या आत काही हलतच नाही. म्हणून मी वर्तुळं बघायला गेलो. तिथे हॉटेलात त्या रात्री मी जेवलो नाही. मी खोलीत बसून टीव्हीवर आइस हॉकी बघितली, मला आइस हॉकी कळत नाही. तू गेलीस तर मला… मी संध्याकाळी कुणासाठी परत येऊ? मी सुधारेन असं नाही म्हणत. सुधारेन असं म्हणणारी माणसं सुधारत नाहीत. पण मी घरी असेन. एवढं जमेल मला. नुसतं घरी असणं. जाऊ नकोस."

तो थांबला. पलीकडच्या टाक्यातून उत्तर आलं नाही. तो थांबला, अजून थांबला. माहितीपत्रकातल्या आदिमानवासारखा वाट बघत राहिला.

मग जवळून कुणीतरी नाक ओढलं.

"फार छान बोललात, साहेब," रॅमिरो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "पण बाईंना झोप लागलीये."

ग्लेनने डोक्याला झटका देऊन एका डोळ्यावरची काकडी पाडली. मार्लाची मान कडेला टेकली होती, तोंड किंचित उघडं, आणि ती बारीक घोरत होती.

"कधीपासून?"

"रीनोच्या आधीपासून."

"उठवा तिला! नाही, नका उठवू. थांबा. मी परत सांगतो. अजून किती वेळ आहे?"

"वेळ झाली, साहेब. पुढचं जोडपं बाहेर उभंय. त्यांचा मधुचंद्र आहे."

रात्री जेवताना ग्लेनने पुन्हा सुरुवात केली. "मार्ला, दुपारी मी—" पण मार्लाने त्याच्या हातावर हात ठेवला. गेल्या दोन वर्षांत तिने आपण होऊन हात ठेवला नव्हता.

"आज नको रे," ती म्हणाली. "किती छान गेला दिवस. तो आहे तसा राहू दे."

हाताचं ते ओझं ग्लेनने झोपेपर्यंत सांभाळून ठेवलं. तो त्या हाताने दारही उघडेना.

रविवारी सकाळी डॉरीनबाईंनी दोघांना कवटाळलं. "पन्नासाव्याला याच खोलीत यायचं हं, पोरांनो!" मार्ला म्हणाली, "बघू." ग्लेनला हा शब्द होकारासारखा ऐकू आला. दोन रात्री मिळून तिने एकोणीस तास झोप घेतली होती. नऊ वेळा हसली होती. एकदा हात ठेवला होता. कुठल्याही अभियंत्याने यावरून काढला असता तोच निष्कर्ष त्याने काढला, आणि गाडी बारा नंबरच्या रस्त्याला लावताना तो चक्क गुणगुणत होता.

रिओ व्हिस्टाच्या पुलापाशी घंटा वाजली आणि फाटक खाली आलं. नदीतून मालवाहू जहाज येत होतं; पुलाचा मधला भाग वर उचलला जाऊ लागला. मागेपुढे लोकांनी इंजिनं बंद केली. हा एकच थांबा असा होता की ज्याच्यावर ग्लेनचं काही चालत नव्हतं. तो पूल जहाजांचा.

"मार्ला," तो म्हणाला. "आल्यावर बोलू म्हणाली होतीस."

"घरी गेल्यावर."

"पूल वर गेलाय. वीस मिनिटं तरी जातील."

मार्लाने गॉगल काढला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"मी लोडाय गावात घर घेतलंय," ती म्हणाली. "भाड्याने. दोन खोल्या. पंधरा तारखेपासून."

जहाज अजून दूर होतं. पाण्यावर हलतंय की नाही तेही कळत नव्हतं.

"काय चुकलं माझं?" ग्लेन म्हणाला. "या दोन दिवसांत. सांग ना. ती घंटा का? त्रेपन्न का? मी फोन करून खोडायला सांगत होतो गं, त्या पोरीला—"

"काही नाही चुकलं. खरंच सांगते. इतकी मी कित्येक वर्षांत झोपले नव्हते."

"मग?"

"झोप लागली कारण ठरवायचं काही उरलं नव्हतं, ग्लेन. मी ठरवूनच आले होते. बावीस सप्टेंबरला करार केला."

ग्लेनने दोन्ही हात चाकावर ठेवले, जणू गाडी चालू आहे. पुढच्या ट्रकमधला माणूस उतरून सिगारेट ओढत होता.

"मी विसरलो नव्हतो," ग्लेन म्हणाला. "मार्च. रीनोला मी मुद्दाम गेलो. काल चिखलात मी तुला सांगितलं सगळं, तू झोपली होतीस. मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून गेलो. विसरलो नव्हतो गं."

"माहितीये मला."

"कसं?"

"तू बाहेरगावी गेलास की रोज रात्री नऊला फोन करतोस. पंचवीस वर्षं. पाऊस आहे का, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला का. त्या दिवशी केला नाहीस." ती नदीकडे बघत होती. "विसरलेला माणूस रोजच्यासारखा फोन करतो. विसरला असतास तर बरं झालं असतं. विसरण्यावर मी रागावू शकले असते."

जहाज आलं. ते फार मोठं होतं आणि फार हळू होतं, आणि त्याच्या कठड्याला टेकून एक खलाशी सफरचंद खात खाली अडकलेल्या गाड्यांकडे बघत होता. ग्लेनला त्याला काहीतरी ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, म्हणून. जहाज गेलं. पूल खाली यायला लागला. लोक इंजिनं सुरू करू लागले. ग्लेनने केलं नाही.

"मग आलीस कशाला?" तो म्हणाला. "ठरलंच होतं तर आलीस कशाला, मार्ला? पाकळ्या, केक, माझ्या हातावर हात. कशाला? माझ्यासाठी ना? थोडं तरी माझ्यासाठी?"

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. मार्लाला खोटं बोलता येत नसे. म्हाताऱ्यांनाही ती सांगायची की दुखणार आहे.

"करार झाल्या झाल्या मी डॉरीनबाईंना फोन केला होता," ती म्हणाली.

बुकिंग रद्द करून पैसे परत मागायची मुदत आदल्याच दिवशी, एकवीस तारखेला, संपली होती.